अ‍ॅट्रियसचा खजिना, महाडची पांडवलेणी आणि भिंतीवरचे न वाचलेले नाव

१/
महाडजवळच्या गांधारपाले लेण्यांवरची एक चित्रफीत गेल्या आठवड्यात मला सात जणांनी पाठवली. ड्रोनमधून टिपलेला डोंगर, मागे शंखनाद आणि पडद्यावर अक्षरे: ‘पांडवांनी एका रात्रीत कोरलेली लेणी’. खाली दोन तट पडले होते. एक तट ‘हा घ्या पुरावा’ म्हणत होता, दुसरा ‘सगळे थोतांड’. प्रतिक्रिया शेकडो होत्या. पण त्या लेण्यांच्या भिंतीवर प्रत्यक्ष काय लिहिले आहे, हे सांगणारा त्यांत एकही नव्हता. हा धागा त्या भिंतीसाठी.

२/
माझे म्हणणे आधीच स्पष्ट करते. पांडव होऊन गेले की नाही, हा या धाग्याचा विषय नाही. विषय एवढाच, की ज्या वास्तूवर तिच्या कर्त्याचे नाव स्वच्छ अक्षरांत कोरलेले आहे, त्या वास्तूचे श्रेय आपण एका दंतकथेतील राजघराण्याला देऊन मोकळे होतो. हा भाबडेपणा राहिलेला नाही. लेख वाचला गेल्यानंतरही तो न वाचल्यासारखे वागणे, याला मी आळस म्हणते.

३/
स्थळ नीट समजून घेऊ. महाड ओलांडून मुंबईच्या दिशेने निघालो की महामार्गालगत पाले गावाच्या डोंगराच्या कुशीत लेण्यांची रांग दिसते. खालून गांधारी नदी वाहते आणि पुढे सावित्रीला मिळते. लेणी सुमारे ३०. त्यांत तीन चैत्यगृहे, बाकी बहुतेक भिक्षूंच्या निवासाचे विहार. काही कोरीवकाम पूर्ण, काही अर्धवट सोडलेले. सारा समूह बौद्ध आहे, हे त्याची रचना पाहताच कळते.

४/
मी पोलादपूरची. माझ्या आजीने मला ही लेणी प्रथम गोष्टीत दाखवली. पांडव वनवासात असताना एका रात्रीत डोंगर कोरू लागले, कोंबडा आरवला आणि काम अर्धेच राहिले. आज विचार करता त्या गोष्टीत एक सूक्ष्म निरीक्षण दडलेले दिसते: काही लेणी अपुरी आहेत, हे सांगणाऱ्यांच्या लक्षात आले होते आणि त्या अपुरेपणाला त्यांना कारण हवे होते. कोंबडा हे ते कारण. आजीशी माझे भांडण नाही. ब्राह्मी लिपी तिला कुणी शिकवली नव्हती.

५/
आता तुम्हाला थेट ग्रीसमध्ये नेते. याला दोन कारणे आहेत. पहिले असे की, दंतकथेतल्या राजाच्या नावाने प्राचीन वास्तू ओळखण्याचा जगप्रसिद्ध नमुना तिथे आहे. दुसरे कारण अधिक जवळचे. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक सागरी वर्णनात कोकण किनाऱ्यावरील व्यापारी स्थळांच्या यादीत ‘पालेपत्मे’ असे एक नाव येते. हे म्हणजे आपले महाडजवळचे पाले, असे मत काही अभ्यासकांनी मांडले आहे. ते सर्वांना मान्य नाही. पण ग्रीक खलाशी याच किनाऱ्याने जात होते, यात वाद नाही.

६/
ग्रीसच्या दक्षिणेस पेलोपोनीज द्वीपकल्पात मायसीनी नावाचे उद्ध्वस्त नगर आहे. ग्रीक पुराणकथांनुसार तिथला राजा अ‍ॅट्रियस. भाऊ थायेस्टीसशी त्याचे वैर इतके विकोपाला गेले, की त्याने भावाचीच मुले मारून त्यांचे मांस त्याला मेजवानीत वाढले. घराण्याला शाप लागला. अ‍ॅट्रियसचा मुलगा अ‍ॅगॅमेम्नॉन ट्रॉयवरील स्वारीचा सेनापती झाला, वाऱ्यासाठी त्याने पोटची मुलगी इफिजिनिया बळी दिली आणि विजयी होऊन परतल्यावर पत्नी क्लायटेम्नेस्ट्राच्या कटात मारला गेला.

७/
भाऊबंदकी, शाप, महायुद्ध आणि विजयानंतरचा विनाश. भारतीय वाचकाला हे कथानक परके वाटणार नाही. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात पॉसेनियस हा ग्रीक प्रवासी मायसीनीला गेला, तेव्हा ते नगर कधीच ओस पडले होते. त्याने नोंदवले की, इथे अ‍ॅट्रियस आणि त्याच्या मुलांची भूमिगत कोषागारे आहेत, इथे अ‍ॅगॅमेम्नॉनची कबर आहे आणि या तटाचे प्रचंड चिरे सायक्लोप्स या राक्षसी कारागिरांनी रचले आहेत.

८/
सायक्लोप्स म्हणजे कपाळावर एकच डोळा असलेले महाकाय. एवढे चिरे माणसाने उचलले असतील, हे उत्तरकाळच्या ग्रीकांच्या कल्पनेत बसेना. आपल्याकडे तीच भूमिका भीमाकडे आली. जिथे दगड मोठा, तिथे भीम. जिथे काम अर्धे, तिथे कोंबडा. मानवी मनाची ही रीत सार्वत्रिक आहे आणि तिच्यात हसण्यासारखे काही नाही.

९/
‘अ‍ॅट्रियसचा खजिना’ ही वास्तू आजही उभी आहे. आत जाताच मधमाश्यांच्या पोळ्यासारखा निमुळता होत गेलेला सुमारे १३ मीटर उंचीचा दगडी घुमट डोक्यावर दिसतो. दारावरची आतली एकच तुळई सुमारे १२० टनांची मानली जाते. काळ साधारण इ.स.पू. १३०० ते १२५०. मात्र ही वास्तू कोषागार कधीच नव्हती. ती कबर आहे. कुणाची, ते कुठेही लिहिलेले नाही. दंतकथेने तिला मालकही दिला आणि तिचा उपयोगही बदलला.

१०/
१८७६ मध्ये हाइनरिख श्लीमान या जर्मन उत्खननकर्त्याने पॉसेनियसचा ग्रंथ हाती धरून मायसीनीच्या तटाआत खोदकाम केले. त्याच्या समजुतीने पॉसेनियस पाच कबरींविषयी सांगत होता. पाच कबरी सापडल्या आणि तो थांबला. पुढच्याच वर्षी स्टामाटाकिस या ग्रीक अधिकाऱ्याने त्याच वर्तुळात सहावी शोधून काढली. दंतकथेचा नकाशा घेऊन निघालेला माणूस नकाशा संपला की खोदणे थांबवतो, हा त्यातला धडा.

११/
श्लीमानला मृतांच्या चेहऱ्यांवर सोन्याचे मुखवटे आढळले. त्यांतला एक आज ‘अ‍ॅगॅमेम्नॉनचा मुखवटा’ म्हणून अथेन्सच्या राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयात आहे. ‘मी अ‍ॅगॅमेम्नॉनचे मुख पाहिले’ अशी तार श्लीमानने केल्याचे सर्वत्र सांगितले जाते. त्याच्या खऱ्या तारेत हे वाक्य नव्हते. म्हणजे दंतकथेतील राजाच्या शोधाचीही एक दंतकथा झाली.

१२/
मुखवटा इ.स.पू. सोळाव्या शतकातला. प्राचीन ग्रीक विद्वान एराटोस्थेनीसच्या गणनेप्रमाणे ट्रॉयचा पाडाव इ.स.पू. ११८४ चा. मधले अंतर साडेतीनशे वर्षांचे. रायगडावर ६ जून १६७४ रोजी झालेल्या राज्याभिषेकापासून आजवर जेवढा काळ लोटला, जवळजवळ तेवढे. आज काढलेल्या छायाचित्राखाली कुणी सतराव्या शतकातल्या सरदाराचे नाव लिहिले, तर महाडकर काय म्हणतील? तरीही मुखवट्याचे नाव बदललेले नाही. ते बहुधा बदलणारही नाही.

१३/
आता मायसीनीकर राजांच्या काळात खरोखर काय लिहिले गेले, ते पाहा. त्या संस्कृतीची ‘लिनिअर बी’ ही लिपी १९५२ मध्ये मायकेल व्हेंट्रिस या तरुण वास्तुविशारदाने उलगडली. मातीच्या पाट्यांवर महाकाव्य असेल, वीरांची वंशावळ असेल, अशी अनेकांची आशा होती. निघाला तो राजवाड्यांचा हिशेब. मेंढ्या किती, तेल किती, कांस्य कोणत्या कारागिराला दिले, विणकर बायका आणि त्यांच्या मुलांना शिधा किती.

१४/
क्रीट बेटावरच्या क्नोसॉस येथील पाट्यांत तर बैलांची नावेसुद्धा आहेत. एकाचे नाव ‘केलाइनोस’, म्हणजे काळा. आमच्या पोलादपूरच्या कोणत्याही गोठ्यात हे नाव शोभेल. राजासाठी ‘वानाक्स’ हा शब्द या पाट्यांत येतो. अ‍ॅगॅमेम्नॉन राजाचा मात्र उल्लेख नाही. महाकाव्याचा नायक कागदपत्रांत सापडत नाही आणि नांगराचा काळ्या सव्वातीन हजार वर्षे टिकतो. इतिहास विषयाच्या प्रेमात पडायला मला एवढे पुरेसे होते.

१५/
इथे ग्रीकांच्या बाजूने एक गोष्ट बोलली पाहिजे. मायसीनीच्या कबरींवर नाव नाही. लिनिअर बी पॉसेनियसच्या हजार वर्षे आधीच विस्मृतीत गेली होती. रिकाम्या वास्तूला काहीतरी नाव हवे होते, ते परंपरेने पुरवले. अ‍ॅट्रियसने कुणाची जागा बळकावली नाही, कारण त्या जागेवर दुसऱ्या कुणाचे लिखित नाव उरलेलेच नव्हते. ग्रीकांना हा बचाव उपलब्ध आहे. महाडला तो नाही.

१६/
गांधारपाल्याच्या आठव्या क्रमांकाच्या लेण्यात ब्राह्मी लिपीतला प्राकृत लेख आहे. लिपीच्या वळणावरून तो साधारण इसवी सनाच्या दुसऱ्या-तिसऱ्या शतकाच्या आसपासचा, म्हणजे पॉसेनियसच्या काळापासून फार दूरचा नाही. आशय असा: सिद्धी असो, हे लेणे, चैत्यगृह आणि आठ ओवऱ्या कुमार कानभोअ वेण्हुपालित याच्या, लेण्याच्या दोन्ही अंगांना दोन पोढ्या आणि लेण्याला जोडून वाट दिली आहे, हे सारे त्या कुमाराचे धर्मदान आहे.

१७/
एवढेच. शंखनाद नाही, एका रात्रीचा चमत्कार नाही. काय बांधले, किती बांधले, कुणी दिले. संख्या तर अक्षरांत आणि अंकांत दोन्ही प्रकारे कोरल्या आहेत: ओवऱ्या ‘अठ’ आणि पुढे आठाचा अंक, पोढ्या ‘बे’ आणि पुढे दोनाचा अंक. आपण आज धनादेशावर रक्कम दोनदा लिहितो, तीच खबरदारी. दान नेमके किती होते याविषयी पुढे कुणाला शंका राहू नये, अशी त्याची इच्छा होती.

१८/
शब्द पाहा. ‘लेण’ म्हणजे आपले लेणे. ‘ओवरक’ म्हणजे देवळाभोवतीची आपली ओवरी. ‘पोढी’ म्हणजे पाण्याचे खोदीव टाके. हा शब्द आजही डोंगर भटकणाऱ्यांच्या तोंडी आहे. आणि ‘बे’? ‘बे एके बे’ म्हणताना आपण तोच शब्द उच्चारतो. सुमारे अठराशे वर्षांपूर्वीचा हा लेख आपल्याशी आपल्याच भाषेच्या पूर्वजेतून बोलतो आहे. आपण मात्र त्याच्याकडे पाठ करून छायाचित्र काढून घेतो.

१९/
वेण्हुपालित म्हणजे संस्कृतात विष्णुपालित, विष्णूने राखलेला. विष्णूचे नाव धारण केलेला राजकुमार बौद्ध संघाला विहार, चैत्य, पाणी आणि वाट देतो. त्या चित्रफितीखाली भांडणाऱ्या दोन्ही तटांना हे एक नाव गैरसोयीचे आहे. पहिल्या तटाला हवे असलेले पांडव इथे नाहीत. दुसऱ्या तटाला दोन धर्मांमध्ये हवी असलेली पोलादी भिंतही इथे नाही. खरा माणूस दोन्ही घोषणांत मावत नाही, म्हणून दोघांनीही त्याला वगळले.

२०/
विष्णुपालित एकटा नव्हता. पाल्याच्याच दुसऱ्या लेखात संघरक्षित या गृहपती-श्रेष्ठीचे नाव येते. याच रायगड जिल्ह्यात मांदाडच्या खाडीजवळ कुडा लेणी आहेत. तिथल्या दात्यांची यादी वाचा: महाभोज मांदव खंदपालिताच्या दरबारातील लेखक शिवभूती याचा धाकटा भाऊ शिवम, वैद्य सोमदेव, कराडचा लोखंडाचा व्यापारी महिक, एका माळ्याचे कुटुंब, एका ब्राह्मण उपासकाची पत्नी भयिला. वैद्य, लोहाराचा माल विकणारा, फुले ओवणारा. कोकणातल्या सामान्य माणसांची इतकी जुनी नावनिशी आणखी कुठे मिळणार?

२१/
म्हणूनच ‘नावात काय आहे’ हा आक्षेप मला मान्य नाही. पाच भावांचे नाव चढले की ही संपूर्ण यादी पुसली जाते. लेणी अपुरी का, याचेही साधे उत्तर हाताशी आहे: खोदकाम दानावर चाले, दाता थांबला की छिन्नी थांबे. त्या अर्धवट भिंतींत दुष्काळ असेल, मोडलेला व्यापार असेल, मेलेला आश्रयदाता असेल. कोंबडा आरवला की हे सारे प्रश्न संपतात.

२२/
दुसरा आक्षेप: ‘पांडवलेणी म्हणणे ही आमची श्रद्धा आहे.’ श्रद्धेचा मान राखून नाशिककडे बोट दाखवते. तिथल्या त्रिरश्मी डोंगरावरील लेण्यांनाही पांडवलेणीच म्हणतात. त्यांपैकी सतराव्या क्रमांकाचे लेणे कुणी दिले? लेख सांगतो: उत्तरेकडील दत्तामित्रीचा योनक, धम्मदेवाचा पुत्र इंद्राग्निदत्त याने, आईवडिलांच्या स्मरणार्थ. योनक म्हणजे यवन, ग्रीक. ग्रीक माणसाने महाराष्ट्रात खोदवलेल्या लेण्याचे श्रेयही आपण भीमार्जुनांना दिले.

२३/
त्याच डोंगरावर गौतमी बलश्रीचा प्रसिद्ध लेख आहे. आपल्या दिवंगत पुत्राचे, गौतमीपुत्र सातकर्णीचे, वर्णन करताना ती त्याचा पराक्रम राम, केशव, अर्जुन आणि भीमसेन यांच्या तोडीचा म्हणते. म्हणजे पांडव या भिंतीवर आहेत. ते उपमान म्हणून आहेत. लेणी कोरवणाऱ्यांना महाभारत उत्तम ठाऊक होते. आपल्या माणसाची थोरवी सांगायला त्यांनी भीमाचे नाव घेतले, पण दान कुणी केले, त्या जागी भीमाचे नाव घातले नाही. उपमान आणि कर्ता यांतला फरक बलश्रीला कळत होता. तो आपल्यालाही कळायला हवा.

२४/
या फरकाचा दुसरा साक्षीदार माझ्याच गावात आहे. पोलादपूरला कवींद्र परमानंदांची समाधी आहे. शिवछत्रपतींच्या हयातीतला हा संस्कृत कवी. त्याने चरित्रकाव्य रचले आणि त्याचे नाव शिवभारत. महाभारताचा साचा, पुराणाची भाषा, नायक विष्णूचा अंश. तरीही आपण शिवाजी महाराजांना दंतकथेतील राजा मानत नाही, कारण पत्रे आहेत, नाणी आहेत, शत्रूंच्या आणि परकीयांच्या नोंदी आहेत. काव्याने नायकाला उंच केले आणि कागदाने त्याला जमिनीवर उभे ठेवले. दोन्ही लागतात.

२५/
कल्पना करा, उद्या सारे कागद जळाले आणि रायगडाच्या पायऱ्या चढणारा एखादा प्रवासी म्हणाला, ‘एवढा गड माणसाने बांधणे शक्य नाही, हा भीमाने बांधला.’ आपल्याला कसे वाटेल? संताप येईल, आणि यावाच. मग रायगडापासून काही कोसांवर विष्णुपालिताच्या बाबतीत नेमके तेच घडत असताना आपण आनंदाने ती चित्रफीत पुढे का पाठवतो? छत्रपतींना एक न्याय आणि त्या कुमाराला दुसरा, हे इतिहासप्रेमाचे लक्षण नव्हे.

२६/
तिसरा आक्षेप विद्वानांचा: ‘दंतकथेत सत्याचा अंश असू शकतो.’ असू शकतो. हित्ती साम्राज्याच्या लेखांत अख्खिया देशाच्या अत्तरिसिया नावाच्या पुरुषाचा उल्लेख आहे. त्याचे नाव काहींनी अ‍ॅट्रियसशी जोडले, इतरांनी ते नाकारले. असा वाद व्हावा. पण लक्षात घ्या, तो वादही एका लेखावर उभा आहे. दंतकथेचे वजन वाढते तेही कुणीतरी कोरलेले किंवा लिहिलेले वाचले म्हणून.

२७/
आणि हे महाड आहे, हे विसरू नका. विष्णुपालिताच्या दानात दोन पोढ्या आहेत. पाणी दिल्याची ती लेखी नोंद. त्याच पंचक्रोशीत २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना हजारो माणसांसह चवदार तळ्यावर चालत जाऊन ओंजळभर पाणी प्यावे लागले. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करणारा बोले ठराव १९२३ चा, महाड नगरपालिकेचा ठराव १९२४ चा. तरी सत्याग्रह करावा लागला आणि मुंबई उच्च न्यायालयाचा अंतिम निकाल १९३७ मध्ये लागला.

२८/
त्या पोढ्या भिक्षुसंघासाठी होत्या. त्यांची आणि तळ्याची सरळ तुलना मी करत नाही. सांगायचे ते वेगळे. या गावात पाणी कुणी दिले आणि कुणी अडवले, याच्या दोन हजार वर्षांच्या नोंदी आहेत. जिथे नोंदीवरून माणसाचा हक्क ठरला, तिथे तरी नोंद न वाचता गोष्ट पुढे ढकलणे शोभत नाही. ‘पूर्वापार असेच आहे’ हे वाक्य चवदार तळ्याच्या खटल्यातही उच्चारले गेले होते. न्यायालयाने त्याला पुरावा मागितला. तो मिळाला नाही.

२९/
अज्ञानाची सबब आपल्याला उरलेली नाही. जेम्स प्रिन्सेपने ब्राह्मी १८३७ मध्ये उलगडली. पंडित भगवानलाल इंद्रजी आणि जेम्स बर्जेस यांनी पश्चिम भारतातील लेण्यांचे लेख १८८१ मध्ये प्रसिद्ध केले. महाडचे लेख त्यांत आहेत. म्हणजे बाबासाहेबांच्या जन्माच्या दहा वर्षे आधी विष्णुपालिताचे नाव पुन्हा वाचले गेले होते. आजीला ते ठाऊक नव्हते, हे समजू शकते. हातात सारे जग घेऊन फिरणाऱ्या माझ्या पिढीला ते ठाऊक नसावे, याचा बचाव मला सुचत नाही.

३०/
मग ‘पांडवलेणी’ हे नाव टाकून द्यावे काय? मुळीच नाही. तो लोकस्मृतीचा भाग आहे आणि आजीची गोष्ट मी माझ्या मुलांनाही सांगेन. फक्त तिच्यापाठोपाठ दुसरी गोष्टही सांगेन. ग्रीसमध्ये ‘अ‍ॅट्रियसचा खजिना’ म्हटल्यावर जाणकार मार्गदर्शक पुढच्याच श्वासात सांगतो की हा खजिना नव्हे आणि अ‍ॅट्रियसचाही नव्हे. आपणही एवढे करू: ‘पांडवलेणी म्हणतात; खोदवली कुमार विष्णुपालिताने, श्रेष्ठींनी आणि त्यांच्या काळातल्या इतर दात्यांनी.’ एका वाक्याचा प्रश्न आहे.

३१/
पावसाळा ओसरल्यावर जा. डोंगर फार अवघड नाही. आठव्या लेण्यात थोडा वेळ थांबा, डोळे अंधाराला सरावू द्या. दोन्ही अंगांना पाण्याची टाकी शोधा, ओवऱ्या मोजा. लेखातला आकडा पडताळून पाहण्याचा आनंद वेगळाच असतो. जुन्या वास्तूंच्या भिंतींवर खडूने आणि खिळ्याने लिहिलेली आजकालची नावे आपण सर्वांनी पाहिली आहेत. त्यांत भर घालू नका. तिथे आधीच एकाने आपले नाव नीट कोरून ठेवले आहे. कोणी वाचेल म्हणून तो अठराशे वर्षे थांबला आहे.

धागा समाप्त. ती चित्रफीत पुन्हा कुणी पाठवली, तर रागावू नका. त्याला फक्त सोळावा भाग पाठवा.